लॉक लावला होता, तरी फर्मवेअर मागच्या दारानं आलंच

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आमचं मॉनिटरिंगचं डबडं बसवलं होतं. साधा इंडस्ट्रियल पीसी, त्यावर लिनक्स आणि आमचाच लिहिलेला सेन्सर ड्रायव्हर, काम एवढंच की मदरबोर्डवरच्या सुपर आयओ चिपमधून तापमान आणि फॅनचा स्पीड वाचायचा. सकाळभर सगळं ठीक असायचं आणि दुपारी एक-दीड वाजला की मधूनच एखादं रीडिंग २५५ डिग्री यायचं, अलार्म वाजायचा आणि तिथला मेंटेनन्सवाला फोन करायचा, "साहेब, हे दुपारीच काहून होऊन राहिलं?" आम्ही म्हणायचो ऊन आहे, अर्थिंग बघा, वायर हलवून बघा. तेच डबडं ऑफिसात एसीत आठवडाभर चालवलं तर एकदाही २५५ नाही.

ड्रायव्हर लिहिणारा पोरगा हुशार होता. त्याचं एकच म्हणणं, "दादा, स्पिनलॉक तं लावला आहे ना मी, रेस होईलच कशी?" रेस म्हणजे दोघांनी एकाच वस्तूला एकाच वेळी हात लावून एकमेकांचं काम बिघडवणं, आणि लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणं. लॉक होता, खरंच होता, अगदी बरोबर जागी होता, पण ज्याच्यापासून वाचायचं त्या फर्मवेअरला, म्हणजे हार्डवेअरसोबत येणाऱ्या कंपनीच्या कोडला, असा काही लॉक आहे हेच माहीत नव्हतं.

हे आम्हाला कळायला तीन आठवडे लागले, तुमचे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितो.

घरात चौघांनी ठरवलंय की बाथरूममध्ये कोणी असेल तर दारावर टॉवेल टांगायचा. छान चालतं. मग अकोल्याहून पाहुणे येतात, त्यांना टॉवेल म्हणजे टॉवेल, ते सरळ दार ढकलतात. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, स्पिनलॉक (यात वाट बघणारा जागच्या जागी फिरत बसतो) किंवा म्युटेक्स (यात वाट बघणारा झोपतो) हा तो टॉवेल आहे, कडी नव्हे. मेमरीतला एक आकडा आहे, आणि तो बघूनच पुढे जायचं असं कर्नलच्या कोडनं आपापसात ठरवलेलं आहे. फर्मवेअर त्या ठरावात नव्हतंच. तुम्ही इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरच्या हाका, बंद करणारा स्पिनलॉक घेतला तरी तो फक्त त्या सीपीयूवरचे इंटरप्ट थांबवतो आणि बाकीच्या सीपीयूंवरच्या कर्नलला दाराशी उभं करतो, चिपच्या रजिस्टरला, म्हणजे तिच्या आतल्या आकडे ठेवायच्या खान्याला, काहीही कुलूप लागत नाही.

आमच्या केसमध्ये नेमकं काय होत होतं ते एकदा हळू बघू, कारण बहुतेक रेसचा साचा हाच असतो. या चिपमध्ये शेकडो रजिस्टर आहेत पण बाहेरून दिसतात दोनच पोर्ट, २९५ हेक्स हा इंडेक्सचा आणि २९६ हेक्स हा डेटाचा. विनबाँड-नुवोटॉन घराण्यातल्या चिपमध्ये वरून बँकसुद्धा निवडावी लागते, ती ४ई हेक्स या रजिस्टरमध्ये. म्हणजे एक तापमान वाचायला चार पावलं: इंडेक्समध्ये ४ई टाका, डेटामध्ये बँकेचा नंबर टाका, इंडेक्समध्ये हव्या त्या रजिस्टरचा नंबर टाका, डेटा वाचा. या चार पावलांच्या मध्ये कुठेही दुसऱ्या कोणी येऊन बँक बदलली तर चौथ्या पावलाला तुम्ही भलत्याच बँकेतलं रजिस्टर वाचता, तिथे काही नसलं तर उत्तर येतं एफएफ, म्हणजे २५५. एरर येत नाही बरं का, चिपच्या दृष्टीनं सगळं नियमात झालं.

आणि तो दुसरा कोण? तर बायोसनं, म्हणजे बोर्डाच्या फर्मवेअरनं, दिलेलं एएमएल, म्हणजे एसीपीआयच्या (बायोस ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देतं ती पद्धत) टेबलांमधला बाइटकोड. थर्मल झोनचं तापमान सांगणारी त्याची मेथड हीच चिप, हेच दोन पोर्ट वापरत होती. सकाळी ती क्वचित चालायची. दुपारी शेडमध्ये बाहेरचे ४५ आणि पत्र्याखालचे त्याहून जास्त, डबडं पॅसिव्ह कूलिंगच्या (सीपीयूचा वेग कमी करून थंड ठेवण्याच्या) मर्यादेवर गेलं की कर्नल थर्मल झोनला दर थोड्या वेळानं तापमान विचारायला लागतो, किती वेळानं ते बायोसच सांगतं, सेकंदाच्या दहाव्या भागात. म्हणजे ऊन वाढलं की एएमएल जास्त वेळा चालणार आणि आमच्या चार पावलांमध्ये पाय घालण्याचा चान्स वाढणार. मेंटेनन्सवाल्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून बरोबर होता, आम्हीच त्याला अर्थिंग तपासायला लावत होतो.

आधी समोर कोण आहे ते ओळखा

फर्मवेअर हा एक शब्द आहे पण त्यात चार-पाच वेगवेगळी माणसं आहेत आणि प्रत्येकाशी बोलायची पद्धत वेगळी.

एएमएल सगळ्यात फसवं, कारण लिहिलेलं बायोसवाल्याचं पण चालवतो कर्नलच, त्याच्या आतल्या इंटरप्रिटरमध्ये. तुमच्या ड्रायव्हरच्या शेजारच्या सीपीयूवर ते चालत असू शकतं आणि तुमच्या लॉकशी त्याचा काही संबंध नाही.

एसएमएम (सिस्टिम मॅनेजमेंट मोड) त्याहून वरचढ. एसएमआय नावाचा खास इंटरप्ट आला की सीपीयू चालू काम अर्धवट सोडून एका वेगळ्याच मोडमध्ये जातो, सहसा सगळे कोअर गोळा केले जातात, बायोसचा कोड काय करायचं ते करतो आणि परत येतो. हा प्रकार १९९० च्या इंटेल ३८६एसएल पासून आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला तो थांबवता येत नाही, इंटरप्ट बंद केले तरीही नाही. तुमचा ड्रायव्हर दुसऱ्या आणि तिसऱ्या पावलाच्या मध्ये गोठतो आणि जागा होतो तेव्हा त्याला वाटतं काही झालंच नाही. शहाणा एसएमआय हँडलर जाताना इंडेक्स पोर्ट होता तसा ठेवून जातो. सगळे शहाणे नसतात.

मग एम्बेडेड कंट्रोलर, लॅपटॉपमध्ये बॅटरी, फॅन, कीबोर्ड सांभाळणारा छोटा मायक्रोकंट्रोलर, ६२ हेक्सवर डेटा आणि ६६ हेक्सवर कमांड. हा खरोखरच वेगळा प्रोसेसर आहे, स्वतःच्या घड्याळावर चालणारा. त्यानंतर नेटवर्क कार्डमधलं मॅनेजमेंट फर्मवेअर, जे तुमच्या ड्रायव्हरसोबत एकच फाय (केबलशी बोलणारा भाग) आणि एकच फ्लॅश वाटून घेतं. आणि मोबाइल-टॅब्लेटच्या चिपमध्ये डीएसपी किंवा पॉवर मॅनेजमेंटचा वेगळा कोअर, जो तुमच्याच आय२सी बसवरून (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवरून) व्होल्टेज बदलत असतो.

आता वाटणीत काय आहे ते शोधा. एसीपीआयडंप या टूलनं टेबलं काढा, आयएएसएल या टूलनं उलगडा, आणि डीएसडीटी या मुख्य टेबलाच्या हजारो ओळींमध्ये ऑपरेशन रीजन (एएमएल हात लावतं तो पत्त्यांचा पट्टा), इंडेक्स फील्ड, म्युटेक्स आणि अक्वायर हे चार शब्द शोधा. तुमच्या चिपचा पोर्ट नंबर ज्या ऑपरेशन रीजनमध्ये सापडला तिथे तुमचा पाहुणा बसलाय. आम्हाला हे करायला अर्धा तास लागला. तीन आठवडे उलटल्यावर केलं, हा भाग वेगळा.

खरं तर कर्नलनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ड्रायव्हर पहिल्यांदा लोड केला तेव्हा बूट लॉगमध्ये स्वच्छ वॉर्निंग होती की हे पोर्ट एसीपीआयच्या ऑपरेशन रीजनशी भांडताहेत, आणि ड्रायव्हर लोडच झाला नाही. मग आपण सगळे जे करतो तेच आम्ही केलं, सर्च मारला, कोणीतरी लिहिलेलं दिसलं की बूट लाइनमध्ये एसीपीआय एनफोर्स रिसोर्सेस लॅक्स करा, केलं, ड्रायव्हर चालला, सीताबर्डीला जाऊन चहा प्यायलो. त्या लॅक्सचा अर्थ एवढाच की एसीपीआयनं ज्यावर हक्क सांगितलाय तिथे हात घालायची परवानगी द्या, वॉर्निंग लिहा आणि पुढे चला. रेस त्यानं जात नाही, फक्त चौकीदार झोपतो. तुमच्या कुठल्या मशिनवर हे लॅक्स असेल तर आधी ते काढा आणि मग पुढचं वाचा.

शक्यतो वाटूनच घेऊ नका

लॉकच्या आधी हा प्रश्न विचारा की मला या रजिस्टरला हात लावायची खरंच गरज आहे का. तापमान थर्मल झोनमधून मिळतंय, बायोसनं डब्ल्यूएमआयची (बायोसला विचारायच्या खिडकीची) मेथड दिलीये, तर तीच वापरा, कारण मग चिपला हात लावणारा एकच राहतो. आम्हाला फॅनचा स्पीड तिथे मिळत नव्हता म्हणून खाली उतरावं लागलं.

फर्मवेअर तुमच्याच हातात असेल, म्हणजे बोर्ड तुमचा आणि मायक्रोकंट्रोलरचा कोडही तुमचाच, तर डिझाइनमध्येच सोडवा. एका रजिस्टरचे चार बिट ड्रायव्हरचे आणि चार फर्मवेअरचे असं कधी करू नका, कारण एक बिट बदलायला पूर्ण रजिस्टर वाचून, बदलून परत लिहावं लागतं आणि त्या मधल्या वेळात समोरच्यानं केलेला बदल तुम्ही जुनाच आकडा लिहून पुसून टाकता. त्यापेक्षा सेट करायचं रजिस्टर वेगळं आणि क्लिअर करायचं वेगळं ठेवा, ज्या बिटवर १ लिहिला तोच बदलेल, ० लिहिलेल्याला धक्का लागणार नाही, मग वाचून-बदलून-लिहिण्याची भानगडच नाही. मेलबॉक्स, म्हणजे निरोप ठेवायची सामायिक जागा, असेल तर जायचा वेगळा, यायचा वेगळा, प्रत्येक जागेवर लिहिणारा एकच.

समोरच्यानं आधीच ठेवलेला लॉक शोधा

वाटणी टळत नसेल तर लॉक लागणारच, पण तो दोघांनाही दिसेल अशा जागी हवा, आणि तो तुम्ही नव्यानं शोधून काढायचा नसतो. फर्मवेअर लिहिणाऱ्यानं कुठला लॉक पाळलाय ते शोधायचं आणि तोच घ्यायचा.

एएमएलशी भांडण असेल तर डीएसडीटीमध्ये बहुतेक वेळा त्या चिपसाठी एक म्युटेक्स बनवलेला असतो आणि प्रत्येक मेथड आत जाताना तो घेते. कर्नलमध्ये हाच म्युटेक्स ड्रायव्हरमधून घ्यायचं फंक्शन आहे, एसीपीआय अक्वायर म्युटेक्स, त्याला म्युटेक्सचा पूर्ण पाथ आणि किती मिलीसेकंद थांबायचं ते द्यायचं. आसुस बोर्डांसाठीचा आसुस ईसी सेन्सर्स ड्रायव्हर हेच करतो, लिनक्सच्या सोर्समध्ये जाऊन वाचा, आम्ही तिथूनच शिकलो. आमच्या बोर्डावरही म्युटेक्स होता, नाव वेगळं, काम तेच.

दुसरा म्हणजे एसीपीआयचा ग्लोबल लॉक, कर्नल आणि एसएमएम किंवा एम्बेडेड कंट्रोलरच्या बाजूसाठी. हा एफएसीएस नावाच्या टेबलात, रॅममध्ये, ३२ बिटांचा एक शब्द आहे, आणि त्यातले कामाचे बिट दोनच. बिट १ म्हणजे कोणाकडे तरी लॉक आहे, बिट ० म्हणजे कोणीतरी वाट बघतंय. घेताना दोन्ही एकाच अॅटॉमिक सूचनेत बघायचे. लॉक मोकळा असेल तर मालकीचा बिट लावून पुढे जा, नसेल तर वाट बघण्याचा बिट लावून गप्प बसा. सोडणारा सोडताना बघतो की कोणी वाट बघतंय का, असेल तर समोरच्याला घंटा वाजवतो, फर्मवेअरनं सोडला तर तुम्हाला एससीआय, म्हणजे एसीपीआयचा, इंटरप्ट येतो, तुम्ही सोडला तर पीएम१ कंट्रोल रजिस्टरमधला ग्लोबल रिलीजचा बिट लिहायचा आणि फर्मवेअर जागं होतं. हे सगळं कर्नल करतो, तुम्ही फक्त अक्वायर आणि रिलीज म्हणायचं, पण आत काय चाललंय ते माहीत असलेलं बरं, कारण यात इंटरप्टची वाट बघितली जाते, म्हणजे झोपावं लागतं, म्हणजे स्पिनलॉक हातात असताना हा घेता येत नाही. एम्बेडेड कंट्रोलरला ग्लोबल लॉक लागतो का हे बायोस जीएलके नावाच्या ऑब्जेक्टमधून सांगतं, अंदाज करायची गरज नाही.

नेटवर्क कार्डांचा मामला जास्त मजेशीर आहे. इंटेलच्या आयजीबी ड्रायव्हरमध्ये दोन पायऱ्या आहेत. आधी एसडब्ल्यूएसएम नावाच्या रजिस्टरमधून छोटा सेमाफोर (हाही लॉकच) मिळवायचा. त्यातला पहिला बिट असा की नुसता वाचला तरी हार्डवेअर तो १ करून ठेवतं, तुम्हाला वाचताना ० दिसला तर लॉक तुमचा. दुसरा बिट फर्मवेअरसोबतचा, त्यावर १ लिहायचं आणि परत वाचायचं, १ टिकला असेल तर मिळाला, नसेल तर ५० मायक्रोसेकंद थांबून परत. हा छोटा सेमाफोर हातात आला की मगच एसडब्ल्यू-एफडब्ल्यू सिंक नावाचं रजिस्टर बघायचं, त्यात प्रत्येक वाटणीच्या वस्तूसाठी खालच्या १६ बिटांत सॉफ्टवेअरचा एक आणि वरच्या १६ बिटांत फर्मवेअरचा एक बिट. दोन्ही मोकळे असतील तर आपला लावायचा, आणि लगेच छोटा सेमाफोर सोडून द्यायचा. मोकळे नसतील तरी छोटा सेमाफोर सोडायचा, ५ मिलीसेकंद थांबायचं, पुन्हा रांगेत. गाभाऱ्याची चावी फक्त वहीत नाव लिहिण्यापुरती घ्यायची, नाव लिहिलं की चावी परत खिळ्यावर. फर्मवेअरसोबत लॉक कसा बांधावा याचा इतका साफ नमुना मला दुसरा माहीत नाही.

काही एआरएम चिपांमध्ये हार्डवेअर स्पिनलॉक नावाचा वेगळा ब्लॉकच असतो. टीआयच्या ओमॅप४ मध्ये असे ३२ लॉक आहेत आणि लिनक्समध्ये त्याची चौकट २.६.३९ मध्ये, २०११ साली आली. वाचल्यावर ० आला तर मिळाला, सोडताना ० लिहायचा. हा हातात असताना प्रीएम्प्शन बंद असतं, म्हणजे कर्नल मध्येच दुसरं काम घुसवत नाही, झोपायचं नाही, पटकन काम करून सोडायचा, एका हातात हा आणि दुसऱ्या हातात आय२सीचं लांबलचक ट्रान्स्फर असं केलंत तर समोरचा कोअर तितका वेळ नुसता गरगर फिरत बसतो.

आणि इंटेलच्या बेट्रेल टॅब्लेटांमध्ये पी-युनिट (पॉवर सांभाळणारा वेगळा कोअर) आणि कर्नल एकाच आय२सी बसवरून पॉवर चिपशी बोलतात, तिथे सेमाफोर आहेच, पण तो धरलेला असताना सीपीयूला गाढ झोपेत, म्हणजे सी६-सी७ मध्ये, जाऊ द्यायचं नाही, कारण झोपवणाराही तोच पी-युनिट. त्याला व्होल्टेज बदलायला बस हवी आणि बस तुम्ही अडवलेली. म्हणून कर्नल लॉक घ्यायच्या आधी लेटन्सीची, म्हणजे सीपीयूला झोपेतून उठायला चालेल त्या वेळाची, मर्यादा शून्यावर आणतो. म्हणजे लॉक घेतल्यावर समोरच्याला कशाकशासाठी तो लागणार आहे हेही बघा, नुसतं आपलं काम बघून चालत नाही.

आता लिहायचं कसं

क्रम असा, आमच्या ड्रायव्हरमध्ये आज जसा आहे तसा:

आपला म्युटेक्स घ्या
बायोसचा म्युटेक्स मागा, ५०० मिलीसेकंद थांबा
नाही मिळाला तर आपला म्युटेक्स सोडा, टाइमआउटचा एरर परत द्या
बँक निवडा, इंडेक्स लिहा, डेटा वाचा
बँक आधी होती तशी ठेवा
बायोसचा म्युटेक्स सोडा
आपला म्युटेक्स सोडा

दोन लॉक कशाला असं सगळेच विचारतात. वाटणीचा लॉक तुमच्या आणि फर्मवेअरच्या मध्ये आहे, हार्डवेअरच्या बिटला तुमचे दोन थ्रेड वेगळे दिसत नाहीत, त्याच्यासाठी सगळं सॉफ्टवेअर म्हणजे एकच माणूस. घरातल्यांची रांग घरातच लावा आणि एकालाच बाहेर पाठवा. म्हणून आपला बाहेर, वाटणीचा आत, आणि हा क्रम सगळ्या फंक्शनमध्ये सारखा. एका जागी उलटा झाला की कधीतरी रात्री दोन वाजता दोघं एकमेकांची वाट बघत बसतील.

बाहेरचा लॉक म्युटेक्सच हवा, आतला लॉक झोपवणारा असेल तर. आमच्या पोरानं स्पिनलॉक ठेवून आत बायोसचा म्युटेक्स घ्यायचा प्रयत्न केला, कर्नलनं लगेच शिव्या घातल्या, डीबग अॅटॉमिक स्लीप चालू होतं म्हणून. चालू नसतं तर कधीतरी नुसतं लटकलं असतं. इंटरप्ट हँडलरमधून वाचायचं असेल तर तिथे लॉक घेऊच नका, थ्रेडेड इंटरप्टमध्ये किंवा वर्कक्यूत ढकला, तिथे झोपता येतं.

एक खड्डा एएमएलवाल्यांसाठी खास. तुमचा म्युटेक्स हातात असताना एखादी एसीपीआय मेथड बोलावली, आणि ती मेथड फिरून तुमच्याच ड्रायव्हरनं नोंदवलेल्या ऑपरेशन रीजनच्या हँडलरमध्ये आली, आणि त्यानंही तोच म्युटेक्स मागितला, की झालं, आपणच आपल्या दाराबाहेर. मेथड बोलवायची तर आपला लॉक सोडून बोलवा. आणि डीएसडीटीमधल्या म्युटेक्सना ० ते १५ असा सिंक लेव्हल असतो, लहान लेव्हलकडून मोठ्याकडेच जायचं, उलटं नाही.

आता लिहिलेलं पोचलं का ते. हे लोक विसरतात आणि मग लॉक बरोबर असूनही रेस होते. पीसीआय कार्डाच्या मेमरी मॅप केलेल्या रजिस्टरवर तुम्ही लिहिलं म्हणजे ते तिथे पोचलं असं नाही, वाटेत कुठेतरी रांगेत असू शकतं. लॉक त्याच कार्डात असेल तर लिहिलेलं क्रमानं पोचेल, पण लॉक रॅममध्ये किंवा दुसऱ्या डिव्हाइसमध्ये असेल तर तुमचं "सोडला" हे आधी पोचतं आणि "लिहिलं" मागून येतं, मधल्या वेळात फर्मवेअर आत शिरलेलं असतं. उपाय साधा, सोडण्याआधी त्याच डिव्हाइसचं कुठलंही निरुपद्रवी रजिस्टर एकदा वाचा, वाचन परत येईपर्यंत आधीचं लिहिलेलं पोचलेलं असतं. जुन्या पोर्ट आयओत ही भानगड नाही, तिथे लिहिणं पूर्ण झाल्याशिवाय सीपीयू पुढे जात नाही.

डिस्क्रिप्टर रिंग, म्हणजे डिव्हाइसला द्यायच्या कामांची मेमरीतली गोल रांग, असेल तर लॉक नसतोच, मालकीचा बिट असतो. तुम्ही पत्ता भरता, लांबी भरता आणि शेवटी मालकीचा बिट डिव्हाइसच्या नावावर करता. शेवटी म्हणजे खरंच शेवटी, मध्ये डीएमए राइट बॅरिअर (आधीचं लिखाण आधीच दिसेल याची हमी) टाका, नाहीतर सीपीयू किंवा कंपायलर क्रम फिरवेल आणि फर्मवेअर अर्धवट भरलेला फॉर्म उचलून चालू पडेल. परत वाचतानाही तसंच, आधी मालकीचा बिट बघा, मग रीड बॅरिअर, मग बाकीचं. रिलॅक्स्ड नावाची राइट फंक्शनं दिसायला फास्ट असतात, पण डोअरबेल वाजवायला, म्हणजे काम आलंय हे डिव्हाइसला सांगायला, ती वापरू नका, साधं राइटएल वापरा, त्यात आधीच्या मेमरीतल्या लिखाणाचा क्रम सांभाळलेला असतो.

फर्मवेअर उत्तरच देत नसेल तर

वाटणीच्या लॉकवर कायमची वाट कधीही बघू नका. तुमच्या कर्नलमधला कोड अडकला तर स्टॅक ट्रेस मिळतो, फर्मवेअर अडकलं तर काही मिळत नाही. टाइमआउट ठेवा आणि टाइमआउट झाला की लॉगमध्ये लॉक रजिस्टरचा तेव्हाचा आकडा छापा, कोणाचा बिट लागलाय ते त्यात दिसतं, वेंडरशी भांडताना तोच पुरावा.

टाइमआउट झाला म्हणून लॉक हिसकावून घेऊ नका. इंटेलच्या आय२१० कार्डासाठी आयजीबी ड्रायव्हर अडकलेला सेमाफोर एकदा साफ करून बघतो, पण एकदाच, आणि तो बिट ड्रायव्हर-ड्रायव्हरमधला, आधीचा कोणी न सोडता मेला असेल म्हणून. फर्मवेअर जिवंत असताना त्याच्या हातातला लॉक काढणं म्हणजे रेस स्वतःच्या हातानं बनवणं.

मेलबॉक्समध्ये टाइमआउटनंतरची गंमत जास्त वाईट. तुम्ही कमांड दिली, थांबलात, कंटाळलात, बफर फ्री केला, पुढची कमांड दिली. आणि आता फर्मवेअर पहिल्या कमांडचं उत्तर लिहितंय, त्या पत्त्यावर जो आता भलत्याच कोणाचा आहे. दुसरं म्हणजे ते पहिल्याचं उत्तर तुम्ही दुसऱ्याचं समजता. म्हणून प्रत्येक कमांडला क्रमांक द्या आणि उत्तरात तोच नसेल तर फेकून द्या, आणि डिव्हाइस रीसेट झाल्याची खात्री होईपर्यंत तो बफर फ्री करू नका, चार केबी मेमरी अडकून पडली तर पडू द्या.

सापडवायचं कसं

लॉकडेप आणि केसीसॅन चालू ठेवा, पण ही दोन्ही कर्नलचीच पोरं आहेत, फर्मवेअरनं काय केलं ते त्यांना दिसत नाही. लॉकडेप क्रम उलटा झाला तर सांगेल, केसीसॅन, जो ५.८ पासून कर्नलमध्ये आहे, दोन थ्रेड एकाच मेमरीवर भांडत असतील तर सांगेल, चिपच्या बँकेबद्दल दोघंही गप्प.

एसएमआयचा संशय असेल तर इंटेलवर ३४ हेक्स नंबरच्या एमएसआरमध्ये (सीपीयूच्या खास रजिस्टरमध्ये) एसएमआयची मोजणी असते, टर्बोस्टॅट हे टूलही ती दाखवतं. चूक होते त्या सेकंदाला मोजणी वाढलेली दिसली तर धागा सापडला. एचडब्ल्यूलॅट ट्रेसर, ४.९ पासून आहे, तोही सीपीयू मध्येच गायब होतो का ते पकडतो.

बाकी खरा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी बडवणं. आम्ही एका टर्मिनलवर आमचा सेन्सर न थांबता वाचणारा लूप लावला, दुसऱ्यावर थर्मल झोनचं तापमान वाचणारा, ते प्रत्येक वाचनाला एएमएलची मेथड चालवतं. काही मिनिटांत २५५ आला, एसीत बसून. त्याआधी बायकोचा हेअर ड्रायर आणून डबड्यावर धरला होता, तोही चालला होता पण ड्रायरचा वास येऊन राहिला होता.

मात्र प्रत्येक वेळी रेसच असते असंही धरून चालू नका. २००८ मध्ये २.६.२७ च्या आरसी, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणीच्या, कर्नलांवर इंटेल ई१०००ई कार्डांचा फ्लॅशमधला डेटा खराब होऊन कार्डं मरत होती, संशय याच गोष्टीवर होता की फ्लॅशला एकाच वेळी दोन जण हात लावताहेत, ड्रायव्हरमध्ये म्युटेक्स घातला गेला, फ्लॅशला लिहिण्यापासून संरक्षणही आलं. शेवटी चोर निघाला डायनॅमिक एफट्रेस (कर्नलमधलाच ट्रेसर), जो कोड निघून गेलेल्या पत्त्यांवर लिहीत होता आणि त्या पत्त्यांवर आता कार्डाची मेमरी मॅप झालेली होती. म्हणून आधी बडवून रेस दाखवा, लॉक लावा, तेच बडवणं परत करा. लॉकच्या आधी येत होतं आणि नंतर येत नाही हे दिसल्याशिवाय लॉकला श्रेय देऊ नका.

सस्पेंडमधून उठल्यावरचं एक राहिलं. मशीन झोपून उठलं की मधल्या वेळात फर्मवेअरनं चिपला काय केलं त्याचा भरवसा नाही, त्यामुळे बँक किती होती हे ड्रायव्हरमध्ये आठवणीत ठेवलं असेल तर रिझ्यूममध्ये ती आठवण पुसून टाका आणि पहिल्या वाचनाला नव्यानं निवडा. आणि ड्रायव्हर लोड होताना बायोसचा म्युटेक्स सापडलाच नाही, तर तक्रार छापून लोड व्हायला नकार द्या. आमचा आता तसंच करतो, गेल्या महिन्यात बायोस अपडेटनंतर एका डबड्यावर म्युटेक्सचं नाव बदललं होतं, ड्रायव्हर उठलाच नाही, मेंटेनन्सवाल्याचा परत फोन, "साहेब, आता तं काहीच येत नाही." मी म्हटलं, भाऊ, काहीच येत नाही हेच बरं, २५५ तं नाही ना येऊन राहिलं, उद्या येतो.